सचिवालयाचा धनी कोण

भारताच्या संसदेत दोन कारभार शेजारी शेजारी चालतात. एक सदस्यांचा : भाषणे, मतदान, विधेयके, समित्या. दुसरा त्या सदस्यांना हे सारे करता यावे म्हणून रात्रंदिवस राबणाऱ्या कार्यालयाचा. प्रश्नांच्या सूचना स्वीकारणे, कामकाजपत्रिका छापणे, भाषणांचा शब्दशः वृत्तान्त ठेवणे, भाषांतर, ग्रंथालय, समित्यांचे टिपण, दारावरची राखण, पगारपत्रके अशी सगळी कामे या दुसऱ्या कारभारात येतात. पहिल्या कारभारावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो. तरी पहिल्याची धार दुसऱ्यावर अवलंबून असते. मंत्र्यांना जाब विचारणे हे संसदेचे काम. जाब विचारण्यासाठी लागणारे कागद ज्याच्या हातून येतात, त्या कर्मचाऱ्याची नेमणूक, बढती आणि बदली त्याच मंत्र्यांच्या हाती असेल, तर जाब विचारण्याला अर्थ उरत नाही. म्हणून संसदेच्या प्रशासनात पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न एकच असतो : सचिवालय कोणाचे?

राज्यघटनेचे उत्तर ९८व्या कलमात आहे. संसदेच्या प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवीय कर्मचारीवर्ग असेल, असे ते कलम सांगते. लोकसभेचे सचिवालय वेगळे, राज्यसभेचे वेगळे. दोन्हींना सामाईक पदे ठेवायची मुभा आहे. भरती व सेवाशर्ती ठरवणारा कायदा संसदेने करावा आणि तो होईपर्यंत राष्ट्रपतींनी लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती यांच्याशी विचारविनिमय करून नियम करावेत, अशी त्यात तरतूद आहे. तो कायदा आजपर्यंत झालेला नाही. लोकसभा सचिवालय १९५५च्या आणि राज्यसभा सचिवालय १९५७च्या नियमांवर चालते. तात्पुरती म्हणून केलेली सोय इतकी वर्षे टिकली, याचे कारण ती दोन्ही बाजूंना परवडली. पीठासीन अधिकाऱ्यांना मोकळीक मिळाली आणि सरकारला त्या कायद्यावर सभागृहात चर्चा घडवून आणावी लागली नाही.

हे कलम सहजासहजी आलेले नाही. त्यामागे पाव शतकाची झटापट आहे, आणि तिच्यातील दोन मुख्य माणसांचे सार्वजनिक जीवन जुन्या मुंबई इलाख्यात घडले. विठ्ठलभाई पटेल हे मुंबईत वकिली केलेले, मुंबई कायदेमंडळात आणि महापालिकेत काम केलेले नेते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. खुर्चीवर बसल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या हाताखाली म्हणावे असे कार्यालयच नाही. सभागृहाचे कामकाज सरकारच्या विधी खात्याकडून होत असे. सरकारी विधेयकांचे मसुदे करणारे हे खाते, आणि त्या विधेयकांवर आक्षेप आला तर अध्यक्षांना नियम काढून दाखवणारे अधिकारीही त्याच खात्याचे. सल्ला मागायचा तो ज्याच्या विरुद्ध निर्णय द्यायचा त्याच्याकडेच, अशी ही तऱ्हा होती.

विठ्ठलभाईंनी हा विषय सोडला नाही. २२ सप्टेंबर १९२८ रोजी मोतीलाल नेहरूंनी सभागृहासाठी स्वतंत्र खाते निर्माण करण्याचा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला. लंडनच्या भारतमंत्र्यांनी काही फेरबदल करून त्याला मान्यता दिली, आणि १० जानेवारी १९२९ रोजी ‘लेजिस्लेटिव्ह असेंब्ली डिपार्टमेंट’ अस्तित्वात आले. कागदोपत्री ते गव्हर्नर-जनरलच्या अखत्यारीत होते. प्रत्यक्षात त्याचे प्रमुख सभागृहाचे अध्यक्ष होते. ही तडजोड होती, पण फार मोलाची. आजचे लोकसभा सचिवालय स्वतःचा जन्म याच तारखेपासून मोजते. पुढे तीनच महिन्यांनी, ८ एप्रिल १९२९ रोजी, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले. त्यानंतर सभागृहाच्या आवारात हुकूम पोलिसांचा चालणार की अध्यक्षांचा, हा वाद पेटला. सभागृहाची स्वतःची राखण त्याच वर्षी उभी राहिली. ‘वॉच अँड वॉर्ड’ या नावाने ती कित्येक दशके ओळखली गेली आणि २००९मध्ये तिचे नाव संसद सुरक्षा सेवा झाले.

दुसरे नाव गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर यांचे. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, जन्म १८८८ सालचा बडोद्याचा, वकिली अहमदाबादची. १९३७मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. २४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अवघ्या तीन मतांनी जिंकली. त्यानंतर संविधान सभेचा कायदेमंडळ म्हणून चालणारा भाग, हंगामी संसद आणि १९५२पासून पहिली लोकसभा अशा साऱ्या टप्प्यांवर अध्यक्षपदी तेच राहिले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. सभागृहाच्या कार्यालयाने सरकारच्या मेहरबानीवर जगू नये, हा दादासाहेबांचा आग्रह होता आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदांतूनही तीच मागणी येत होती. संविधानाच्या १९४८च्या मसुद्यात मात्र या विषयावर एक अक्षरही नव्हते. ३० जुलै १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७९-अ हे नवे कलम संविधान सभेपुढे आणले, तेच आजचे ९८वे कलम. कार्यालय स्वतंत्र नसेल तर अध्यक्षाचे स्वातंत्र्य नावापुरते उरते, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले होते.

आता या घराची उतरंड पाहू. सर्वांत वर पीठासीन अधिकारी : लोकसभेत अध्यक्ष, राज्यसभेत सभापती म्हणजे उपराष्ट्रपती. मंत्र्याला आपल्या खात्यात जे अधिकार असतात, त्याहून अधिक अधिकार अध्यक्षांना आपल्या सचिवालयात असतात, कारण त्यांच्या वर मंत्रिमंडळ नाही. त्यांच्याखाली महासचिव. त्यांची नेमणूक अध्यक्ष करतात, दर्जा केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवाच्या बरोबरीचा असतो आणि ते उत्तरदायी असतात ते फक्त अध्यक्षांना. महासचिवांच्या कामावर सभागृहात टीका करायची नाही, असा संकेत आहे, कारण ते तिथे उठून उत्तर देऊ शकत नाहीत. राष्ट्रपतींच्या वतीने सदस्यांना अधिवेशनाची निमंत्रणे, म्हणजे समन्स, महासचिवांच्या सहीने निघतात. सभागृहात त्यांचे टेबल अध्यक्षांच्या आसनासमोर असते आणि पेच पडला की अध्यक्ष कोणता नियम पाहतील, याची चिठ्ठी तिथून वर जाते. या पदावरचे पहिले मोठे नाव महेश्वरनाथ कौल यांचे. त्यांच्यामागून आलेले श्यामलाल शकधर पुढे मुख्य निवडणूक आयुक्त झाले. या दोघांनी मिळून लिहिलेला संसदीय प्रथा-पद्धतींवरचा ग्रंथ आजही सभागृहात आधार म्हणून काढला जातो. राज्यसभेचे पहिले सचिव एस. एन. मुखर्जी हे तर संविधानाचे प्रमुख मसुदाकार होते.

कौल, शकधर, सुभाष कश्यप ही माणसे सचिवालयातच मुरलेली होती. अलीकडे मात्र महासचिवपदी भारतीय प्रशासन सेवेतून आलेले अधिकारी अधिक दिसतात. राज्यसभेत सप्टेंबर २०२१मध्ये पी. पी. के. रामाचार्युलू या सचिवालयातूनच वर आलेल्या अधिकाऱ्यांची महासचिवपदी नेमणूक झाली. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या जागी महसूल सेवेतून निवृत्त झालेले पी. सी. मोदी आले. सभापतींना तसा पूर्ण अधिकार आहे, नियमांत कुठेही खोट नाही. तरीही विठ्ठलभाईंनी जी भिंत उभारली, तिच्यात सरकारी सेवेतून येणारा दरवाजा किती मोठा ठेवावा, हा प्रश्न उरतोच. आयुष्यभर मंत्रालयांत काम केलेला अधिकारी कर्तबगार असू शकतो. पण कार्यालयाचा वरचा जिना आतल्या माणसांना बंद झाला, की खालच्यांची नजर आपोआप बाहेर वळते.

महासचिवांच्या हाताखालचे कर्मचारी कामाच्या स्वरूपानुसार वेगवेगळ्या सेवांत विभागलेले असतात. कायदेविषयक, आर्थिक समित्या व प्रशासन यांची सेवा सर्वांत मोठी. तिच्याबरोबर ग्रंथालय व संशोधन, शब्दशः वृत्तान्त घेणारे प्रतिवेदक, भाषण चालू असतानाच दुसऱ्या भाषेत बोलणारे दुभाषे, संपादन व भाषांतर, छपाई, सुरक्षा अशा सेवा आहेत. भरती सचिवालय स्वतः करते. सदस्यांच्या ज्या समित्या या कारभारात हात घालतात, त्यांत कामकाज सल्लागार समिती वेळ वाटून देते, निवास समिती बंगले आणि सदनिका पाहते, ग्रंथालय समिती पुस्तकांचे, तर सर्वसाधारण प्रयोजन समिती बाकी किरकोळ आणि नाजूक बाबींचे बघते. यांतील बहुतेक समित्या सल्ला देतात. शेवटचा शब्द अध्यक्षांचा.

हे यंत्र कसे चालते, ते एका प्रश्नाच्या प्रवासावरून नीट कळते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगाला, धसई हे आजूबाजूच्या पाड्यांना बाजारपेठ पुरवणारे गाव आहे. डिसेंबर २०१६मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून त्याचे नाव देशभर गेले होते. विधानसभेसाठी ते मुरबाड मतदारसंघात आणि लोकसभेसाठी भिवंडीत मोडते. कल्याण–मुरबाड रेल्वेमार्ग ही या भागाची जुनी मागणी. समजा, भिवंडीच्या खासदारांना या मार्गाविषयी रेल्वेमंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारायचा आहे. सूचना महासचिवांच्या नावे जाते आणि उत्तराच्या दिवसाआधी पुरे १५ दिवस ती पोहोचलेली असावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातील वार ठरलेला असतो, म्हणून रेल्वेचा वार गाठावा लागतो. एका दिवसासाठी एका सदस्याला पाचच सूचना देता येतात. शेकडो सूचना येतात आणि तोंडी उत्तरासाठी जागा असतात २०, तेव्हा सोडत निघते. ज्यांचा क्रमांक पुढे लागला नाही, त्यांचे प्रश्न अतारांकित होऊन लेखी उत्तराच्या यादीत जातात. तिथे दिवसाला २३० प्रश्नांची मर्यादा आहे.

सोडतीनंतर खरे काम प्रश्न शाखेत होते. प्रश्न केंद्राच्या अखत्यारीतला आहे का, न्यायालयात प्रलंबित बाबीला हात घालतो का, त्यात आरोप किंवा तर्क आहेत का, अलीकडेच विचारून झालेला तर नाही ना, हे कार्यपद्धती नियमांवर घासून पाहिले जाते. शाखेतला कर्मचारी भाषा आवळतो, दोन-तीन सारखे प्रश्न एकत्र करतो, शेरा लिहितो आणि कागद वर जातो. प्रश्न ग्राह्य की अग्राह्य, हे अध्यक्षांच्या नावाने ठरते. मान्य झालेला प्रश्न मंत्रालयाकडे जातो, उत्तर परत सचिवालयात येते, आणि ठरल्या दिवशी हिरव्या कागदावरच्या तारांकित यादीत तो छापून येतो. अतारांकित यादी पांढऱ्या कागदावर असते. सकाळी ११ वाजता अध्यक्ष क्रमांक पुकारतात. या साखळीतला एखादा दुवा मंत्रालयाच्या मर्जीतला असता, तर अडचणीचा प्रश्न ‘तपासाधीन’ म्हणून फायलीत पडून राहायला एक शेरा पुरेसा झाला असता.

उत्तर देऊनही काम संपत नाही. मंत्री सभागृहात ‘तपासून पाहू’, ‘लवकरच करू’ म्हणतात, त्या वाक्यांची नोंद काढणारे कर्मचारी सचिवालयात असतात. १ डिसेंबर १९५३ रोजी मावळंकरांनी शासकीय आश्वासनांची समिती नेमली. दिलेला शब्द तीन महिन्यांत पाळला जावा, अशी तिची अपेक्षा असते. ही समिती म्हणजे दादासाहेबांचा सर्वांत व्यवहारी वारसा म्हणता येईल. पण सदस्य बदलतात, समित्यांची मुदत संपते. जुनी आश्वासने लक्षात ठेवतो तो कायम नोकरीत असलेला समिती शाखेतला अधिकारी.

पैशाचा भाग थोडक्यात सांगता येतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती आणि उपसभापती यांचे पगार-भत्ते घटनेच्या ११२व्या कलमानुसार भारताच्या संचित निधीवर भारित असतात, म्हणजे त्यांवर मतदान होत नाही. सचिवालयाचा खर्च मागणीच्या रूपाने अर्थसंकल्पात येतो. त्याचा अंदाज सचिवालयात तयार होतो, सदस्यांची अंदाजपत्रक समिती तो तपासते, अध्यक्ष मान्य करतात आणि तो अर्थ मंत्रालयाकडे जातो. इतर खात्यांच्या मागण्यांना जशी कात्री लागते, तशी इथे लागू नये, असा संकेत आहे. खर्च झाल्यावर हिशेब महालेखापरीक्षकांपुढे येतो. स्वायत्तता खर्च ठरवण्यात आहे, हिशेब टाळण्यात नाही.

इमारत हा मात्र वेगळाच पसारा. १८ जानेवारी १९२७ रोजी खुले झालेले गोल संसदभवन, १९७५चे विस्तारभवन, २००२चे ग्रंथालय आणि २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेली नवी इमारत, या साऱ्या आवाराची जबाबदारी लोकसभा अध्यक्षांकडे असते. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय या आवारात कोणाला अटक करता येत नाही आणि न्यायालयाचे समन्सही बजावता येत नाही. पण देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची. राखणीसाठी संसद सुरक्षा सेवेबरोबर दिल्ली पोलीस आणि केंद्रीय दल असते. १३ डिसेंबर २०२३च्या घुसखोरीनंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाची जागा मे २०२४मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने घेतली. या बदलाने विठ्ठलभाईंच्या काळचा प्रश्न पुन्हा वर आला. बंदूकधारी दल गृह मंत्रालयाचे आणि हुकूम अध्यक्षांचा, हे दोन्ही एकाच दारावर सांभाळायचे म्हणजे खासदाराला कोण अडवू शकतो आणि कोण नाही, हे दर वेळी स्पष्ट ठेवावे लागते. उपाहारगृहही असेच सामाईक खात्यात होते. कित्येक वर्षे ते उत्तर रेल्वे चालवत असे. २०२०च्या अखेरीस ते भारतीय पर्यटन विकास महामंडळाकडे गेले आणि जानेवारी २०२१मध्ये अध्यक्ष ओम बिर्ला यांनी जेवणावरचे अनुदान बंद झाल्याचे जाहीर केले. ताटाचा दर ठरवणे हीसुद्धा संसदेच्या प्रशासनातली निर्णयाची बाब आहे, आणि लोकांच्या मनात संसदेविषयी मत बनते त्यात अशा बाबींचा वाटा मोठा असतो.

दिल्लीची हीच घडण राज्यांत १८७व्या कलमाने आली. त्यात एक महत्त्वाची सवलत आहे : जिथे विधान परिषद आहे, तिथे दोन्ही सभागृहांना सामाईक पदे निर्माण करता येतात. उत्तर प्रदेशात दोन सचिवालये वेगळी आहेत. महाराष्ट्राने एकच ठेवले : महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय. त्याचे धनी दोघे, विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती. २८८ आणि ७८ सदस्यांच्या दोन सभागृहांचे काम एकाच कार्यालयातून होते. खर्च वाचतो, अनुभव एकत्र राहतो. दोन धन्यांचे एकमत मात्र लागते.

या कार्यालयाची परंपरा दिल्लीहून जुनी. मुंबई कायदे कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये झाली. नंतर अपोलो बंदरजवळच्या खलाशी-गृहाच्या इमारतीत कौन्सिल हॉल आला. तिथेच आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. १९ एप्रिल १९८१ रोजी नरिमन पॉइंटच्या विधान भवनाचे उद्घाटन इंदिरा गांधींनी केले. १९५३च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचे असते. त्यामुळे दर हिवाळ्यात हे सचिवालय फायली, प्रतिवेदक, ग्रंथ आणि माणसांसकट विदर्भात बिऱ्हाड हलवते. एवढे मोठे स्थलांतर नियमाने करणारी विधिमंडळे देशात फार थोडी आहेत आणि त्याचे श्रेय या कर्मचाऱ्यांना पुरेसे दिले जात नाही.

मुरबाड-शहापूरच्या माणसाला विधानमंडळ सचिवालय भेटते ते समित्यांच्या रूपाने. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. यावर विधानसभेत तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना येतात. पण जिल्हा परिषदेत खरी धावपळ उडते ती ‘पीआरसी येणार’ म्हटल्यावर. पंचायत राज समिती ही दोन्ही सभागृहांच्या आमदारांची समिती. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचे लेखापरीक्षण अहवाल ती तपासते, जिल्ह्यात येऊन शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती पाहते आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष नोंदवते. तिच्या हातातील प्रश्नावली, आक्षेपांचे परिच्छेद, साक्षीचा वृत्तान्त आणि शेवटचा अहवाल हे सारे सचिवालयातील कक्ष अधिकारी आणि अवर सचिव तयार करतात. आमदार प्रश्न विचारतात. कोणत्या वर्षीच्या कोणत्या परिच्छेदातली रक्कम वसूल झाली नाही, हे त्यांच्यासमोर ठेवलेल्या कागदात आधीच लिहिलेले असते.

इथेच दिल्ली आणि धसई यांतला खरा फरक दिसतो. लोकसभेचा महासचिव अध्यक्षांचा. धसई ग्रामपंचायतीचा सचिव, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक आणि आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हा मात्र ग्रामपंचायतीचा नव्हे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने त्याला पंचायतीचा सचिव केले आहे, पण नेमणूक जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि बदलीचा आदेशही ठाण्याहूनच येतो. पंचायतीला स्वतः ठेवता येतात ते शिपाई, लिपिक, पाणीपुरवठ्याची माणसे. मुरबाड पंचायत समितीचा सचिव म्हणजे गटविकास अधिकारी, तोही सरकारने दिलेला. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी तर राज्य शासनच नेमते. ग्रामसभेत ठराव झाला, सरपंचांनी सही केली, तरी इतिवृत्त लिहिणारा आणि दप्तर सांभाळणारा हात वरच्या कार्यालयाचा असतो. १९२९पूर्वी विठ्ठलभाईंच्या सभागृहाची जी अवस्था होती, ती आपल्या गावपातळीच्या लोकशाहीत आजही कायम आहे. छोट्या पंचायतीला पगारी अधिकारी परवडत नाही आणि गावकीच्या दडपणातून त्याला सोडवणे भाग असते, हे व्यवस्थेच्या बाजूचे म्हणणे खोटे नाही. पण जिल्हा परिषदेसारख्या मोठ्या संस्थेलाही स्वतःचे सचिवालय नाही, याचे समर्थन त्याने होत नाही.

जगात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सभागृहाच्या क्लार्कचे पद १३६३पासून चालत आले आहे, पण तिथे प्रशासनाचा धनी एक व्यक्ती नाही. १९७८च्या कायद्याने एक आयोग नेमला गेला. स्पीकर त्याचे अध्यक्ष असतात. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरचे सदस्य त्यात असतात आणि २०१५नंतर बाहेरचे तज्ज्ञही घेतले गेले. त्याच सुमारास एक पेचही सुटला. क्लार्क हा कार्यपद्धतीचा जाणकार. त्यानेच इमारती, संगणक आणि हजारो कर्मचाऱ्यांचे व्यवस्थापनही बघावे का? स्पीकर जॉन बर्को यांनी ऑस्ट्रेलियाहून व्यवस्थापनातील अधिकारी आणण्याचा घाट घातला तेव्हा मोठे वादळ उठले, आणि शेवटी क्लार्कचे पद ठेवून शेजारी महासंचालकाचे नवे पद काढले गेले. कॅनडात अंतर्गत कारभाराचे मंडळ आहे, तेही स्पीकरच्या अध्यक्षतेखाली आणि सर्व पक्षांच्या सदस्यांचे. फ्रान्समध्ये सभागृह आपल्यातूनच तीन ‘केस्तर’ निवडते आणि खर्चाच्या व प्रशासनाच्या किल्ल्या त्यांच्याकडे देते. भारताने मात्र सारा अधिकार एका खुर्चीत ठेवला. मावळंकरांसारखा माणूस खुर्चीत असेल तर ही रचना सर्वांत वेगवान आणि सर्वांत निर्भय ठरते. पण रचना माणसाच्या मोठेपणावर टांगून ठेवणे धोक्याचे.

हा धोका काल्पनिक नाही. उत्तराखंड विधानसभेच्या सचिवालयात भरतीची रीतसर प्रक्रिया न करता झालेल्या २२८ तदर्थ नेमणुका अध्यक्ष ऋतू खंडुरी यांना सप्टेंबर २०२२मध्ये रद्द कराव्या लागल्या. त्या नेमणुका आधीच्या अध्यक्षांच्या काळातल्या होत्या. सरकारचा हात बाहेर ठेवणाऱ्या भिंतीआड नात्यागोत्याची भरती होऊ शकते, हे तिथे उघड झाले. भरतीची जाहिरात, लेखी परीक्षा आणि निवड समितीत विरोधी पक्षाचा सदस्य एवढ्या गोष्टी कायद्याने बांधल्या, तर स्वातंत्र्याला काही बाधा येत नाही. ९८व्या कलमात अपेक्षित असलेला कायदा त्यासाठीच हवा.

खुर्ची रिकामी राहू नये, याची व्यवस्थाही घटनेने करून ठेवली आहे. लोकसभा विसर्जित झाली तरी अध्यक्ष पदावर राहतात, नव्या सभागृहाची पहिली बैठक सुरू होण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत. सचिवालय निर्नायक होत नाही. मध्येच पद रिकामे झाले तर उपाध्यक्ष काम पाहतात. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिल्यापासून ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत महाराष्ट्र विधानसभेत नरहरी झिरवाळ यांनी उपाध्यक्ष म्हणून कारभार सांभाळला. त्याच जुलैत विधान परिषदेचे सभापतिपद रिकामे झाले आणि १९ डिसेंबर २०२४ रोजी राम शिंदे निवडून येईपर्यंत उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांनी ते काम केले. म्हणजे मधले मोजके दिवस सोडले तर जवळजवळ चार वर्षे या सामाईक सचिवालयाला दोन्ही पूर्णवेळ धनी एकाच वेळी लाभले नाहीत. १७व्या लोकसभेत तर २०१९ ते २०२४ या सबंध काळात उपाध्यक्षांची निवडच झाली नाही. घटनेच्या ९३व्या कलमात ही निवड ‘शक्य तितक्या लवकर’ करायची आहे. मुदत मात्र घातलेली नाही.

नागरिकाला या कारभाराची झडती घ्यायची तर वाट माहितीच्या अधिकाराची. २००५च्या कायद्याने लोकसभेसाठी व विधानसभेसाठी अध्यक्षांना आणि राज्यसभेसाठी व विधान परिषदेसाठी सभापतींना ‘सक्षम प्राधिकारी’ केले आहे. अर्जाचे शुल्क आणि रीत ते आपापल्या नियमांनी ठरवतात. ज्या माहितीने सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल, ती रोखता येते. बाकी भरती, खर्च, कंत्राटे, दौऱ्यांचे भत्ते, समितीचे सभागृहात ठेवलेले अहवाल हे सारे मागता येते. धसईहून पाठवलेला अर्ज विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो, ३० दिवसांत उत्तर येणे बंधनकारक असते, पहिले अपील सचिवालयातच वरिष्ठांकडे होते आणि दुसरे राज्य माहिती आयोगाकडे.